दिसते ते आणि पाहावे ते
(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा पाठ)



हीरक महोत्सवाच्या या समारंभात बोलण्यासाठी आपण मला आठवणीने बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. निमंत्रण हाती आले तेव्हा मात्र मी संकोचलो. माझा व्यवसाय रेखाचित्रकाराचा. मुलांची पुस्तके, मासिके, दिवाळी अंक यांत दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराशेजारी चित्र काढून बसायचे, हे माझे काम. बोलणारा लेखक असतो. चित्रकार त्याच्या शेजारी गप्प उभा असतो. अशी चाळीस वर्षे गेल्यावर एकट्याने उभे राहून बोलण्याची सवय राहत नाही. त्यात मुख्याध्यापिकाबाईंनी विषय सुचविला तो असा : ‘रोजच्या जीवनातील रेखाटने आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणे.’ प्रथमदर्शनी मला ही दोन टोके वाटली. चित्र काढणारा माणूस एका जागी बसून राहतो आणि उपयोगी पडणारा माणूस उठून धावतो. बसलेल्याने धावणाऱ्याविषयी काय बोलावे?

मग मी माझ्या जुन्या रेखाटनवह्या उघडल्या. त्यांत ही दोन टोके मला एका गावी एकत्र आलेली सापडली. ते गाव येथून फार दूर, तमिळनाडूत, कावेरीच्या काठी आहे. पण तेथे जाण्यापूर्वी मला आपल्याच शाळेच्या गच्चीवर जावे लागेल.

मी सातवीत होतो. शाळा तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती आणि वरचा मजला नव्याने बांधून झाला होता. चित्रकलेच्या तासाला सर आम्हांला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, “येथून जे दिसते ते काढा.” आम्ही सर्वांनी डोंगर काढले, पाण्याची टाकी काढली, विजेचे खांब काढले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने गच्चीच्या कठड्याला गेलेली भेग काढली, त्या भेगेतले शेवाळ काढले आणि त्यावरून चाललेली मुंग्यांची रांग काढली. कठड्याच्या पलीकडे त्याचा कागद कोरा होता. आम्ही हसलो. सर्वांत मोठ्याने मी हसलो. “याच्या गावाला डोंगरच नाहीत,” असेही मी म्हणालो.

सर हसले नाहीत. त्यांनी तो कागद उन्हात धरून बराच वेळ पाहिला. मग त्या मुलाला जवळ बोलावून सहज विचारावे तसे विचारले, “त्या तारेवर किती चिमण्या बसल्या आहेत रे?” तो म्हणाला, “कोणत्या तारेवर, सर?”

दुसऱ्या दिवशी सर त्याच्या वडिलांना भेटले. पंधरा दिवसांनी तो मुलगा चष्मा लावून वर्गात आला आणि दिवसभर खिडकीतून समोरच्या दुकानावरची पाटी मोठ्याने वाचत राहिला. तोवर तो ‘मठ्ठ’ म्हणून ओळखला जात होता, कारण फळ्यावरचे त्याला उतरवून घेता येत नसे. ज्या चित्राला मी हसलो होतो, त्या चित्रात त्याचे सारे दुःख स्वच्छ लिहिलेले होते. आम्ही चाळीस मुलांनी ते पाहिले आणि एका माणसाने ते वाचले. आयुष्यभर मी जे शिकत आलो, त्याचा पहिला धडा तो होता. पण धडा मिळणे आणि तो अंगी मुरणे यांत किती अंतर असते, ते पुढे कळले.

काही वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी राज्याविषयीच्या मुलांच्या एका पुस्तकाची चित्रे माझ्याकडे आली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात कावेरीच्या खोऱ्यात स्थापिलेले ते राज्य १८५५ पर्यंत टिकले, हे आपण इतिहासात वाचतो. पण तेथील घरे, माणसांच्या बसण्या-उठण्याच्या रीती, बाजारातल्या टोपल्या पुस्तकांतून काढता येत नाहीत. म्हणून वही घेऊन मी निघालो आणि तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणमला मुक्काम केला.

कुंभकोणम हे एका बाजूला कावेरी आणि दुसऱ्या बाजूला अरसलार अशा दोन नद्यांच्या मध्ये वसलेले देवळांचे गाव. आपल्याकडे गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. त्याच योगावर कुंभकोणमला बारा वर्षांनी ‘महामहम्’ भरतो. आधीचा २०१६ च्या फेब्रुवारीत झाला. तो सोहळा ज्या तळ्यावर होतो, त्याच्या चारी बाजूंना दगडी पायऱ्या आणि १६ मंडप आहेत. एरवी त्या पायऱ्यांवर गावाचे साधे जीवन चालू असते. कोणी धुणे वाळवते, कोणी डुलकी घेते, कोणी विड्याची पाने विकते. कुंभकोणमची पाने, तेथली फेसाळ डिग्री कॉफी आणि पितळेची भांडी या गोष्टींचा तमिळ माणसाला फार अभिमान आहे. गणिती रामानुजन यांचे बालपण याच गावी, सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील घरात गेले.

मला त्या गावाचे आकर्षण होते ते आणखी एका कारणाने. नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकात बांधलेले रामस्वामी मंदिर तेथे आहे. त्याच्या प्रदक्षिणेच्या भिंतीवर संपूर्ण रामायण एकापुढे एक चौकटी मांडून चितारले आहे. चालत चालत पाहायची ती चित्रकथाच आहे. आणि याच गावातल्या चित्रशाळेत शिकून तमिळ वाचकांचा एक अत्यंत लाडका रेखाचित्रकार घडला. त्याचे नाव एस. गोपालन, जग त्याला ‘गोपुलु’ या नावाने ओळखते.

गोपुलु यांचा जन्म १९२४ सालचा, तंजावरचा. कुंभकोणमच्या चित्रशाळेतून ते मद्रासला गेले ते ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकाचे नामवंत चित्रकार माली यांच्याकडे. गोपुलु हे नाव मालींनीच ठेवले. १९४१ च्या दिवाळी अंकासाठी मालींनी या सतरा वर्षांच्या मुलाला एक काम सांगितले : तिरुवैयारुला जा, संत त्यागराज ज्या रामपट्टाभिषेकाच्या चित्राची पूजा करीत, ते पाहून काढून आण. विचार करा, मुलांनो. राज्याभिषेकाचे चित्र कल्पनेनेही काढता आले असते. रामस्वामी मंदिरातही ते दृश्य आहे. पण मालींनी मुलाला त्या घरी पाठविले. जे आहे ते जाऊन पाहा, त्याच्यासमोर बस, मग हात चालव, अशी ती दीक्षा होती.

पुढे सुमारे वीस वर्षे गोपुलूंनी ‘आनंद विकटन’मध्ये रोजचे तमिळ जीवन काढले. कोत्तमंगलम सुब्बू यांच्या ‘तिल्लाना मोहनांबाळ’ या कादंबरीतील नर्तकी आणि नादस्वरवादक वाचकांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले ते गोपुलूंच्या रेषेतून. आणि त्यांची शब्दांविना बोलणारी विनोदी चित्रे! चौकटीखाली ओळ नाही, कोणाच्या तोंडून बाहेर आलेला फुगा नाही. तरी घराघरांत ती वाचली जात. आपल्याकडे शि. द. फडणीस यांनी हेच केले. त्यांचा जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. एक कावेरीकाठचा, एक सीमाभागातला. वयात अवघ्या एका वर्षाचे अंतर. दोघांनीही शब्द बाजूला ठेवून माणसाला हसविले. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत फडणीसांच्या चित्रांनी सजलेली गणिताची पुस्तके हाताळली आहेत. गणिताला घाबरणाऱ्या मुलाची भीती ज्या चित्रकाराने घालविली, त्याने समाजसेवा केली की नाही, हे ठरविणे मी गणिताच्या शिक्षकांवर सोपवितो.

शब्दांविना विनोद करायचा तर माणूस फार बारकाईने पाहावा लागतो. छत्री विसरलेला माणूस कसा उभा राहतो, उसने मागायला आलेला शेजारी खुर्चीच्या किती काठावर बसतो, हे ठाऊक नसेल तर चित्र मुके राहते. मला वाटत असे की इतके बारकाईने पाहणारा माणूस आपोआप दयाळू होत असला पाहिजे. माझा हा समज कुंभकोणमच्या तळ्यावर एका सकाळी मोडला.

त्या सकाळी मी पायरीवर बसून एका म्हाताऱ्या बाईचे चित्र काढीत होतो. मंडपाच्या सावलीत ती पाने विकायला बसली होती. ओल्या फडक्याखाली पानांची चवड, ती मोजणारी सुरकुतलेली बोटे, कानाच्या पाळीला पडलेले मोठे छिद्र, गुडघ्याशी गोळा झालेले लुगडे. डावा पाय तिने पालथ्या टोपलीवर ठेवला होता आणि त्याला चिंधी गुंडाळलेली होती. चिंधीच्या घड्या मला फार आवडल्या. त्या मी मन लावून काढल्या. तासाभराने चित्र पुरे झाले. त्या प्रवासातले ते सर्वांत चांगले चित्र होते, हे मला तेव्हाच कळले आणि मी स्वतःवर खूश झालो.

इतक्यात चहाचे पेले वाटणारा दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. त्याने पेला बाईच्या हाताशी ठेवला, तिचा रिकामा तांब्या न विचारता उचलला, नळावरून भरून आणला आणि ऊन सरकले होते तेवढी तिची टोपली सावलीत सरकविली. मग तो माझ्यामागे येऊन वहीत डोकावला. चित्र पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने चिंधीवर बोट ठेवले आणि तमिळमध्ये भराभर काही सांगितले. शेजारच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पिढ्यान्‌पिढ्या त्या भागात राहिलेल्या मराठी घराण्यातले. घरी ते मराठी बोलत. आपल्या कानांना जुनी वाटावी अशी, तमिळ हेलांची, पण मराठीच. मघापासून आम्ही दोन शब्द बोललो होतो. त्यांनी मला त्या मुलाचे बोलणे समजावून सांगितले. तो म्हणत होता : “आजीचा पाय तीन दिवस सुजला आहे. दवाखान्यात न्यायला कोणी नाही. तुम्ही न्याल ना? तुम्ही पाय काढला आहे, म्हणजे तुम्हांला ठाऊकच आहे.”

मला ठाऊक नव्हते. मी तो पाय काढला होता आणि तरीही मला ठाऊक नव्हते. चिंधीवरचा काळपट डाग मी छटा म्हणून भरला होता. ती पुन्हापुन्हा पाय उचलून ठेवत होती, तेव्हा ‘बाई हलते आहे’ म्हणून मी मनातल्या मनात चिडलोही होतो. सातवीत मी मोठ्याने हसलो होतो. आता साठीकडे झुकताना मी शांतपणे छटा भरीत होतो. दोन्ही वेळा डोळ्यांसमोर सारे होते.

त्या गृहस्थांनी आणि मी मिळून आजींना रिक्षातून सरकारी दवाखान्यात नेले. टोपली सांभाळायला तो मुलगा बसला आणि आम्ही परत येईतो त्याने बरीच पाने विकलीही होती. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिले, काही दिवस पायावर भार देऊ नका म्हणून बजावले. एवढेच. यात माझा मोठेपणा काही नाही. पाहिले होते त्या मुलाने. मी फक्त रिक्षाचे भाडे दिले.

दोन दिवसांनी निरोप घ्यायला गेलो तेव्हा आजींनी चित्र मागितले. वही हातात घेऊन त्यांनी प्रथम पानांची चवड पाहिली. ती बरोबर साधली आहे, असे मान हलवून सांगितले. मग पायाकडे बोट दाखवून त्या काही म्हणाल्या. गृहस्थ हसून म्हणाले, “त्या म्हणतात, हा पाय नको. चांगला पाय काढा.” मी तेथेच बसून दुसरे चित्र काढले. त्यात दोन्ही पाय धडधाकट, पायरीवर नीट टेकलेले. ते चित्र आजींनी घडी न घालता पानांच्या टोपलीत जपून ठेवले. चित्र म्हणून ते पहिल्याच्या पासंगाला पुरणारे नव्हते. पण उपकार करणाऱ्याच्या मनात एक सूक्ष्म अहंकार असतो. ज्याला मदत केली त्याची जखमच त्याला लक्षात राहते. आजींना स्वतःची ओळख जखमेने करून द्यायची नव्हती. त्या पाने विकणाऱ्या बाई होत्या. तेवढे त्यांनी मला शिकविले.

कुंभकोणमहून मी पुस्तकाच्या कामासाठी तंजावरला गेलो. सरस्वती महाल ग्रंथालय आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असेल. सरफोजी राजे, दुसरे, यांनी ते वाढविले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ल्यापुरती सत्ता व वर्षासन उरले. उरलेल्या हातांनी या राजाने काय केले? ग्रंथ जमविले. छापखाना काढून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच इसापाच्या गोष्टी मराठीत ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापविल्या. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांतले ते एक. ‘धन्वंतरी महाल’ उभारून औषधोपचार चालविले. आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवविल्या, चित्रांसह.

त्या नोंदींतील काही पानांच्या प्रतिकृती मी पाहिल्या आणि माझ्या मनात तळ्यावरची सकाळ पुन्हा जागी झाली. रुग्ण कोण, विकार कोणता, उपचार काय केला, असा मजकूर आणि शेजारी त्या रुग्णाच्या डोळ्याचे चित्र. कोण्या दरबारी चित्रकाराने ते काढले असेल. राजांच्या तसबिरी, हत्ती-घोडे, सोन्याचा मुलामा दिलेले देव काढणाऱ्या परंपरेतला तो हात एका सामान्य माणसाच्या लाल झालेल्या, पडदा आलेल्या डोळ्यासमोर थांबला आहे. त्याने तो डोळा सुंदर केलेला नाही. वैद्याला उपयोग व्हावा, इतक्या प्रामाणिकपणे तो काढला आहे. आमच्या सरांनी गच्चीवर जे केले तेच हे, दीडशे वर्षे आधी. मी आजींच्या पायाची चिंधी काढली तीही तितकीच हुबेहूब होती. फरक एवढाच की माझ्या चित्राशेजारी ‘उपचार काय केला’ हा रकाना नव्हता.

याच राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. तंजावरच्या मुलखात वाटसरूंसाठी अन्नछत्रे होती, त्यांना तेथे ‘चत्रम’ म्हणतात. ही छत्रे चालू राहावीत म्हणून राजांनी त्यांचे काम त्या पत्रात वर्णिले आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न मिळे. आजारी पडलेल्याला वैद्य, औषध आणि पथ्याचे जेवण मिळे. बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. आईबापांविना राहिलेल्या मुलांची काळजी घेतली जाई, त्यांना शिकविले जाई. आणि मध्यरात्री घंटा वाजविली जाई. कशासाठी? दिवसभरात जो जेवायला येऊ शकला नाही, जो कोठे कोपऱ्यात झोपी गेला, त्याने अजूनही यावे म्हणून. ती घंटा मला फार मोलाची वाटते. पंक्तीत बसलेला सर्वांनाच दिसतो. जो पंक्तीत दिसला नाही त्याचाही ज्याने विचार केला, त्याने खरे पाहिले.

मित्रहो, आता एक गोष्ट जड अंतःकरणाने सांगतो. शाळेच्या समारंभात ती नको, असे मला आधी वाटले. मग वाटले, शाळेतच ती सांगितली पाहिजे. १६ जुलै २००४ या दिवशी कुंभकोणममधल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती गवताच्या छपरावर गेली. वाट अरुंद होती. ९४ लहान मुले गेली. त्यानंतर शासनाने शाळांवरील गवती छपरे काढण्याचे आदेश दिले. चूल, गवत, चिंचोळा जिना. यांतले काहीही लपलेले नव्हते. रोज शेकडो माणसे ते पाहत होती. कोणाचेही मन दुष्ट नव्हते. रोज दिसते म्हणूनच ते दिसेनासे झाले होते.

कुंभकोणममध्ये असताना मी त्या जागेचे चित्र काढले नाही. हात उठला नाही. पण परत आल्यावर ज्या ज्या शाळेत चित्रांच्या कार्यशाळेसाठी गेलो, तेथे मुलांना मी एकच काम देऊ लागलो : आपली शाळा काढा. प्रवेशद्वार आणि झेंडा नको. जिना काढा, स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट काढा, पाण्याच्या नळाशी होणारी गर्दी काढा. मुले जे काढतात ते पाहून शिक्षक अनेकदा गप्प होतात. एका शाळेतल्या तिसरीच्या मुलीने जिन्याचे चित्र काढले, त्यात कठडा तिच्या डोक्यावरून जात होता. मुलीला प्रमाण कळत नाही, असे कोणी म्हणाले. जाऊन पाहिले तर मधले गज मोडले होते आणि तिच्या उंचीला धरायला खरोखरच काही नव्हते. आठ दिवसांत ते गज बसले.

बालमित्रांनो, म्हणून माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. आठवड्यातून एकदा, रोज दिसणाऱ्या एका माणसाचे चित्र काढा. चांगले येवो न येवो. शाळेची घंटा देणारे मामा, रिक्षावाले काका, डबा भरणारी आई, कोपऱ्यात एकटा बसणारा वर्गमित्र. काढून झाले की चित्राखाली दोन ओळी लिहा : या माणसाविषयी मला आज काय नवे कळले? आणि मला काही करता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असेच येईल. तेही लिहा. पण ‘मठ्ठ’ म्हणून हसण्यापूर्वी तुमचा हात क्षणभर थांबेल, एवढी माझी खात्री आहे. आणि मदत कराल तेव्हा समोरच्याला विचारा, त्याला कोणता पाय काढून हवा आहे.

शिक्षकांना मी काय सांगणार? माझ्या सरांनी शेवटपर्यंत कोणतेही पारितोषिक मिळविले नाही. त्यांनी काढलेली चित्रेही फारशी उरलेली नाहीत. त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे दुसऱ्याने काढलेला एक कोरा राहिलेला कागद त्यांनी उन्हात धरून पाहिला, हे होय.

गोपुलूंविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. उतारवयात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. चित्रकाराचा उजवा हात जाणे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. त्यांनी डाव्या हाताने काढायला शिकून घेतले आणि ते पुन्हा काढू लागले. २०१५ साली ते गेले. मी कधी त्यांना भेटलो नाही. पण मला वाटते, जो माणूस आयुष्यभर इतरांकडे इतक्या प्रेमाने पाहत आला, त्याचे पाहणे एका हातापुरते उरत नाही. हात दुसरा चालतो. डोळे तेच हवेत.

शेवटी एक क्षमा मागतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या भाषणासोबत छापण्यासाठी तळ्यावरच्या आजींचे ते पहिले चित्र मागितले होते. मी ते दिलेले नाही. चिंधी गुंडाळलेला तो पाय कोणी पाहू नये, असे आजींनी स्वतः सांगितले होते. ते चित्र चांगले आहे हे खरे, पण ते दाखविण्याचा अधिकार माझा नाही. दुसरे चित्र त्यांच्यापाशी आहे. म्हणून या पानांवर तुम्हांला फक्त विड्याच्या पानांच्या चवडीचे रेखाटन सापडेल. ते काढून मी परवाच पाठविले. चवड बरोबर साधली आहे की नाही, हे सांगायला मात्र या वेळी आजी शेजारी नव्हत्या.